बोटं बदलली, आता धनुष्याचं काय?

वाचकांचे प्रश्न : पारंपरिक धनुर्विद्या

या महिन्यात आलेल्या पत्रांतली तीन पत्रं एकाच प्रश्नाभोवती फिरणारी निघाली. दोरी धरणारी बोटं बदलली की धनुष्यात काय बदलायचं? म्हणून तिन्ही एकत्र घेते. पहिल्याला सगळ्यात जास्त जागा देते, कारण त्या पत्रातली घाई वेळेवर थांबवायला हवी.

ताई, नमस्कार. मी ६१ वर्षांचा, एसटीच्या वर्कशॉपमधून फिटर म्हणून निवृत्त झालो. सहा वर्षांपूर्वी नातवाला शिबिराला घेऊन गेलो. नातवाचं वेड ओसरलं, माझं राहिलं. माझ्याकडे ६६ इंचांचं सरळ बाहूंचं (मुठीच्या वर-खालच्या वाकणाऱ्या भागांचं) लाकडी धनुष्य आहे, पाठीवर, म्हणजे लक्ष्याकडच्या बाजूला, बांबूची पट्टी, २८ इंच ओढीला ३८ पौंड जोर. आजवर तर्जनी बाणाच्या वर आणि दोन बोटं खाली अशी पकड होती. पावसाळ्यापासून तर्जनी आणि मधल्या बोटाच्या सांध्यांना सूज आहे, बाण त्यांच्या मध्ये चिमटला की कळ येते. डॉक्टरांनी सांगितला तेवढा आराम केला. आता त्यांना विचारूनच तिन्ही बोटं बाणाखाली धरून ओढतो. दुखत नाही. पण धनुष्य बिघडल्यासारखं झालंय. २० मीटरवर बाण हातभर खाली लागतात. सुटताना फटकन आवाज येतो, तो पूर्वी नव्हता. बाण शेपूट वरखाली हलवत जातो. मैदानावरचे एक जण म्हणाले, ‘वरचा बाहू पॉलिश पेपरने घासा, ही पकड घेतली की तसं करावंच लागतं.’ दोरी चढवून मुठीच्या मध्यापासून वर आठ आणि खाली आठ इंचांवर मोजलं. वरच्या बाजूला बाहू ते दोरी हे अंतर खालच्यापेक्षा दोन सूत, म्हणजे पाव इंच, जास्त भरतं. मूठ ते दोरी साडेसहा इंच. कानस आणि पॉलिश पेपर काढून ठेवलाय. घासू का?
— एक वाचक, कराड

काका, कानस परत पेटीत ठेवा. वरच्या बाहूला तर हातच लावू नका. तुम्ही पाठवलेल्या मापांवरून सांगते, तो सल्ला नेमका उलटा आहे. तुम्ही मापं सुतात लिहिलीत याचा मला फार आनंद झाला. एरवी पत्रांत ‘थोडंसं’, ‘बऱ्यापैकी’ असतं आणि मी अंदाजाने उत्तर देत बसते. इथे तुमच्या दोन सुतांनीच अर्धं उत्तर दिलंय.

तुमच्या तीन तक्रारी आहेत, आणि तिन्हींचं कारण एक नाही. आधी हातभर खाली लागणारे बाण घेऊ, कारण त्यात धनुष्याचा काहीच दोष नाही.

पूर्वी तुमची तर्जनी ओठांच्या कोपऱ्याला टेकायची आणि बाण तिच्या खाली असायचा. आताही तर्जनी तिथेच टेकते, पण बाण तिच्या वर आला. म्हणजे बाणाचं मागचं टोक एका बोटाच्या जाडीइतकं, साधारण दोन सेंटिमीटर, डोळ्याकडे सरकलं. पुढचं टोक तुम्ही सवयीने पूर्वीच्याच जागी धरता. मागचं वर गेलं, पुढचं जागेवर राहिलं, तर बाण खाली झुकणारच. डोळ्यापासून बाणाचं टोक साधारण ७५ सेंटिमीटरवर असतं. ७५ सेंटिमीटरला दोन सेंटिमीटरचा फरक, तर २० मीटरला किती? ५३ सेंटिमीटर. तुमचा हातभर म्हणजे हाच. फिटर माणसाला हे गणित मी समजावून सांगायची गरज नाही, पण तुमच्यासारखी तक्रार घेऊन येणारे बहुतेक जण धनुष्य ‘मंदावलं’ असं समजून जास्त पौंडांचं घ्यायला निघतात, म्हणून सविस्तर लिहिलं.

उपाय हाताचा आहे. २० मीटरवर टोक ठिपक्याखाली जेवढं धरत होतात, त्यापेक्षा हातभर वर धरा. मग पाच-पाच मीटर मागे सरकत जा आणि टोक थेट ठिपक्यावर ठेवून बाण ठिपक्यात लागतो ते अंतर शोधा. ते पूर्वीपेक्षा बरंच जवळ आलेलं असेल. वहीत लिहून ठेवा. ही पकड घेणाऱ्यांना जवळच्या अंतरावर नेम सोपा जातो तो यामुळेच. दूरवर मात्र टोक ठिपक्याच्या वर न्यावं लागतं आणि ठिपका हाताआड जातो. हा सौदा आहे, तो मान्य करूनच पुढे जा. आणि तोवर पेंढ्यांच्या गठ्ठ्याखाली दगड नाहीत ना, ते बघून घ्या. खाली गेलेला बाण दगडावर उसळला तर कुठे जाईल सांगता येत नाही.

आता शेपटाचं. बाण वरखाली हलत जातो याचा अर्थ सुटताना त्याचा मागचा भाग मुठीवरच्या टेकणीला ठोकर खातो. पूर्वी दोरीचा कोन बाणाच्या मागच्या टोकाच्या खाचेपाशीच पडत होता, कारण बोटं दोन्ही अंगांना होती. आता तो बाणाच्या खाली, बोटांच्या मधोमध पडतो. सोडल्यावर खाच दोरीवरून खाली घसरू पाहते. टेकणीवर खडूची पूड शिंपडा आणि एक बाण सोडा. खालच्या पिसाला पूड लागलेली दिसली की खात्री पटेल.

म्हणून दोरीवर बाण लावायची जागा वर न्यायची. सुताराचा गुण्या घ्या. एक बाजू दोरीला, दुसरी टेकणीला. काटकोनाच्या रेषेपासून ही जागा दाखवणारी तुमची दोरीवरची जुनी गाठ बहुधा तीन सूत वर असेल, त्या पकडीला तेवढी पुरते. आता बाणाची खालची कड पाच सूत वर येईल अशी गाठ बांधा आणि तिथून अर्ध्या-अर्ध्या सुताने खाली या. वरून खाली, खालून वर नको. कारण खाच फार खाली असली की बाण टेकणीवर उसळतो आणि उसळलेला बाण असा लागतो की खाच फार वर आहे असं वाटावं. या फसव्या खुणेच्या मागे लागून माणसं आठ-आठ दिवस उलट्या दिशेने जातात.

गाठ एक पुरणार नाही, दोन हव्यात. एक बाणाच्या वर, एक खाली. खालच्या गाठीमुळे खाच घसरत नाही आणि तर्जनीचा दाब थेट खाचेवर येत नाही. पितळी कडी नको, मेण लावलेला धागाच बांधा. दातांचा फ्लॉसही उत्तम चालतो. दोन गाठींमध्ये खाच बसवल्यावर पोस्टकार्डाच्या जाडीइतकी फट राहू द्या. ओढल्यावर दोरीचा कोन मिटत येतो आणि घट्ट बसवलेली खाच चिमटली जाते. ज्या चिमट्यातून बोटं सोडवलीत, त्यात बाण अडकवू नका.

तपासायची रीत अशी. एकाच वजनाचे चार बाण घ्या आणि त्यातल्या दोन बाणांची पिसं काढा. पिसं काढलेल्यांना मागे तेवढ्याच वजनाची चिकटपट्टी गुंडाळा. १० मीटरवरून आधी पिसांचे सोडा, मग बिनपिसांचे. बिनपिसांचे वर लागले तर खाच खाली आहे, गाठ चढवा. खाली लागले तर खाच फार वर आहे, गाठ उतरवा. दोन्ही एका पातळीत आले की थांबा. लाकडी बाण बिनपिसांचा वाकडा घुसला की मोडतो, म्हणून गठ्ठा मऊ ठेवा आणि याहून लांबून हा प्रयोग करू नका. डावी-उजवीकडे सध्या बघू नका. उंची लागल्याशिवाय त्या खुणा खऱ्या बोलत नाहीत.

यातच आवाज निम्मा कमी होईल. उरलेल्यासाठी दोरी काढून चार-पाच पीळ द्या आणि मूठ-दोरी अंतर साडेसहावरून पावणेसात, मग सातपर्यंत न्या. प्रत्येक वेळी सहा बाण सोडा आणि डोळे मिटून ऐका, म्हणजे सोडणारे तुम्ही आणि डोळे मिटून ऐकणारं दुसरं कुणी. आवाज एका जागी अचानक बसतो, ‘फट्’चा ‘धुप्’ होतो. तीच तुमची उंची. सातच्या पुढे या धनुष्यावर मी जाणार नाही. सरळ बाहूंच्या लाकडी धनुष्याला जास्त उंचीवर ताणून ठेवलं की ते तसंच वाकडं राहायला शिकतं.

आता तुमचे दोन सूत. आपण बाण धनुष्याच्या मध्याच्या वर लावतो, कारण मध्यावर तर आपली मूठ असते. पूर्वी बोटांचा दाबही त्या बाणाच्या आसपास, म्हणजे मध्याच्या बराच वर होता. दोरीचा वरचा तुकडा आखूड, खालचा लांब, त्यामुळे वरच्या बाहूला जास्त वाकावं लागायचं. हे ओळखून घडवणाऱ्याने वरचा बाहू किंचित मऊ आणि खालचा किंचित ताठ ठेवला. वर दोन सूत जास्त भरतात ते यामुळे. यालाच टिलर म्हणतात. त्या पकडीसाठी तुमचं धनुष्य अगदी बरोबर घडवलेलं आहे, घडवणाऱ्याच्या हाताला माझा नमस्कार सांगा.

आता बोटं खाली आली, म्हणजे ओढीचा बिंदू मध्याच्या जवळ आला. दोन्ही बाहूंवर जवळजवळ सारखं काम पडतं. या पकडीला दोन्ही अंतरं सारखी असलेली बरी, किंवा खालचं अगदी नखभर जास्त. पण तुमचा वरचा बाहू आधीच मऊ आहे. तोच घासला तर तो आणखी मऊ होईल आणि दोन सुतांचे तीन होतील. सारखं करायचंच असेल तर ताठ बाहू, म्हणजे खालचा, सैल करावा लागेल. मैदानावरच्या त्या गृहस्थांनी नेमका इथे वर-खाली घोळ केला.

हा घोळ मी स्वतः केलेला आहे, म्हणून इतक्या पोटतिडकीने लिहिते. धनुष्यं घडवायला लागून मला तिसरं वर्ष होतं. एका मुलीसाठी केलेलं, बांबूच्या पाठीचं, हलकंफुलकं धनुष्य होतं. तिने पकड बदलली आणि मी मापं कागदावर घेताना ‘वर’ आणि ‘खाली’ यांची अदलाबदल केली. मऊ बाहू घासला, मोजलं, फरक वाढलेला दिसला, तर मला वाटलं आणखी घासायला हवं. संध्याकाळपर्यंत पोटाकडच्या, म्हणजे ओढणाऱ्याकडे तोंड असलेल्या, बाजूला केसाएवढ्या आडव्या सुरकुत्या उमटल्या होत्या. लाकूड दाबाखाली आत चिरडलं की तशा उमटतात, आणि त्या उमटल्या की ते धनुष्य गेलं. त्या मुलीने काही म्हटलं नाही, पण ते धनुष्य हातात घेऊन ती बराच वेळ उभी होती. तेव्हापासून प्रत्येक धनुष्याच्या वरच्या टोकाला, कुठलंही माप घेण्याआधी, मी लाल धागा बांधते. तुम्हीही आजच बांधा.

तर लाकडाचं काम शेवटी, आणि बहुधा लागणारही नाही. गाठी आणि दोरीची उंची जमवून महिनाभर चालवा. या पकडीने वर दोन सूत जास्त असलेली कितीतरी धनुष्यं नीट चालताना मी पाहिली आहेत. महिन्यानंतरही आवाज राहिला आणि ओढताना मूठ तळहातात एका बाजूला लोळतेय असं वाटलं, तरच खालचा बाहू घ्या. कानस नाही, पॉलिश पेपर नाही, फुटक्या काचेची सरळ धार. पोटाकडची बाजू. बांबूच्या पाठीला चुकूनही लावू नका, सगळा ताण तिच्या वरच्या सालीतल्या धाग्यांवर असतो. बाहूच्या पूर्ण लांबीवर सारखे दहा हात फिरवायचे, दोरी चढवायची, अर्ध्या ओढीने पंचवीस वेळा ओढायचं आणि मग मोजायचं. ओढल्याशिवाय लाकूड केलेला बदल दाखवत नाही. फरक एका सुतावर आला की थांबा, शून्याचा हट्ट नको. यात दोन-तीन पौंड कमी होतील. काका, स्पष्ट लिहिते, सुजलेल्या सांध्यांना ते बरंच आहे.

दोन गोष्टी तुम्ही विचारल्या नाहीत, तरी सांगते. बोटांना दोरी काचू नये म्हणून घालायचा तुमचा चामड्याचा टॅब जुनाच असेल, मध्ये फट असलेला. त्या फटीची कड आता दोरीला अडकते आणि सुटका अडखळते. चपला शिवणाऱ्या कारागिराकडून एकसंध टॅब कापून घ्या, दोन पदरी, बाहेरचा पदर गुळगुळीत. आणि चष्मा. बाण डोळ्याजवळ आला तशी दोरीही गालाजवळ आली. मान थोडी सरळ ठेवा, नाहीतर दोरी फ्रेमला लागेल. पहिले दहा बाण अर्ध्या ओढीचेच सोडून बघा.

ताई, मी आखेनला शिकते. इथे हंगेरियन पद्धतीचं, टेकणी नसलेलं छोटं धनुष्य वापरते, २८ इंचांना ३० पौंड. तीन बोटांची सवय आहे, पण आपल्याकडच्या जुन्या चित्रांतल्यासारखं अंगठ्याने ओढायचंय. त्यासाठी अंगठ्यात घालायची अंगुठी मागवली. पण ओढायला लागले की बाण मुठीवरून बाजूला पडतो. धनुष्यात काही बदलावं लागेल का?
— एक विद्यार्थिनी, जर्मनी

धनुष्यात फार काही नाही, पण बाणाची बाजू बदलावी लागेल. तू उजव्या हाताने ओढत असशील तर तीन बोटांच्या पकडीत बाण धनुष्याच्या डाव्या अंगाला असतो, कारण बोटांचा पीळ त्याला तिकडून धनुष्यावर दाबतो. अंगठ्याच्या पकडीत पीळ उलटा पडतो. तळहात जमिनीकडे वळतो, तर्जनीचा पाया बाणाला हळूच टेकतो आणि बाण उजव्या अंगाला दाबला जातो. तू पकड बदललीस पण बाण जुन्याच बाजूला ठेवलास, म्हणून तो पडतो. उजवीकडे घे, धनुष्य धरलेल्या हाताच्या अंगठ्याच्या पेरावर टेकव. पिसाची मुळं बोट कापतात, तेव्हा तिथे चामड्याची पट्टी गुंडाळ.

एक गोष्ट मात्र धोक्याची आहे, ती नीट वाच. तीन बोटांनी तू ओठांपर्यंत ओढतेस. अंगठ्याने हात कानाकडे जातो आणि ओढ दोन-तीन इंच सहज वाढते. तुझे बाण जुन्या ओढीच्या मापाचे असतील तर टोक मुठीच्या मागे येईल, आणि सुटलेला बाण तुझ्याच हातात घुसेल. नवे लांब बाण येईपर्यंत पूर्ण ओढायचं नाही. धनुष्य जास्तीत जास्त किती ओढीचं आहे हेही घडवणाऱ्याला विचार. पौंड वाढतील ते वेगळंच, इंचाला साधारण दोन ते तीन.

खाच काटकोनापासून ८ मिलिमीटर वर ठेवून सुरुवात कर. मग वर काकांना सांगितलेली बिनपिसांची परीक्षा तुलाही लागू आहे, वर-खालीच्या खुणा त्याच, डावी-उजवी तेवढी उलटी.

अंगुठी आतून गोल नाही, लंबगोल असते. आडवी घालून पाव फेरा फिरवली की सांध्यावर अडकते. फिरवल्यावरही ओघळत असेल तर मोठी आहे, परत पाठव. पहिला महिना मऊ चामड्याची वापर, दगडाची किंवा धातूची नंतर. फारसीत हिला जेहगीर म्हणतात, जेह म्हणजे धनुष्याची दोरी आणि गीर म्हणजे धरणारी. शाहजहानच्या नावाची जेडची अंगुठी लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. तिकडे गेलीस तर तिची दोरीकडची ओठासारखी कड नीट बघ, तुझ्या अंगुठीची कड तशीच गुळगुळीत आहे का ते पडताळ. १८८५ मध्ये एडवर्ड मॉर्स या अमेरिकी प्राणिशास्त्रज्ञाने जगभरच्या दोरी धरण्याच्या पद्धतींची विभागणी केली. तू सोडते आहेस तिला तो भूमध्यसागरी म्हणाला आणि तू धरते आहेस तिला मंगोल. ही नावं तुझ्या क्लबात सगळ्यांना ठाऊक असतील. त्यांना हेही सांग की ती ‘मंगोल’ पकड आपल्या मोगल आणि राजपूत चित्रांत पानोपानी दिसते.

आमच्या आश्रमशाळेतली मुलं घरचा कामठा, म्हणजे पारंपरिक धनुष्य, लहानपणापासून चालवतात. अंगठा लावत नाहीत, दोरी तर्जनी आणि मधल्या बोटाने ओढतात. खेळाच्या सरावात त्यांना तीन बोटांची पकड शिकवली जाते. आता दोन्हीकडे नेम बिघडलाय. घरच्या कामठ्यालाही तीन बोटं लावायला सांगू का? म्हणजे सवय एकच राहील.
— एक शिक्षक, धडगाव परिसर

सर, कृपा करून तसं सांगू नका.

घरच्या कामठ्याची दोरी बहुतेक वेळा दोरी नसतेच, बांबूची चपटी कांब असते. ती सुताच्या दोरीसारखी बोटांभोवती वळत नाही, ती दोन बोटांच्या पेरांवर सपाट बसते. तिसरं बोट लावलं की कांब तिरकी फिरते आणि बाणाला बाजूला ढकलते. शिवाय ओढ छातीपर्यंतच, बाण जाड, अंतर वीस-पंचवीस पावलांचं. त्या सगळ्याला दोन बोटंच शोभतात. भिल्ल समाजात अंगठा न लावण्याचं नातं एकलव्याशी जोडून सांगतात. तुमच्या वर्गातली मुलं ती गोष्ट आजोबांकडून ऐकत मोठी झाली असतील. खेळाच्या नावाखाली ती पकड चुकीची आहे असं मुलांना वाटलं, तर ते नुकसान कुठल्याही पदकाने भरून निघणार नाही.

खेळाचं धनुष्य वेगळं आहे, तिथे तीन बोटं शिकू द्या. मुलं घरी एक बोली बोलतात आणि शाळेत दुसरी, तसंच हे. नेम बिघडतो तो दोन पकडींमुळे नाही. एकाच तासात दोन्ही धनुष्यं हातात दिल्यामुळे बिघडतो. दिवस वेगळे करा, आणि पहिले दोन महिने खेळाच्या धनुष्यावर पाच मीटरच्या पुढे नेऊ नका, लक्ष्यावर ठिपकाही लावू नका. नुसती बोटं आणि सुटका. उदयपूर जिल्ह्यातले लिंबाराम बांबूच्या धनुष्यावरच वाढले आणि १९८८, १९९२ आणि १९९६ अशा तीन ऑलिंपिकना गेले. हे मुलांना जरूर सांगा.

बारा-तेरा वर्षांच्या हातांना खेळाचं धनुष्य हलकंच द्या. एखादं मूल तिथेही दोनच बोटांनी ओढत असेल तर लगेच रागावू नका, आधी पौंड कमी करा. अनेकदा तिसरं बोट येत नाही, कारण जड धनुष्य ओढताना मूल सवयीच्या दोन बोटांचाच आधार शोधतं. हलकं दिलं की तिसरं आपोआप येतं. आणि सरावाच्या धनुष्याची गाठ मुलाने तीन बोटं पक्की धरल्यावरच बांधा, आधी बांधलेली गाठ नंतर चुकीचीच निघते.

एक सोपी खूण सांगते. खेळाच्या धनुष्यांच्या दोरीवर, बोटांच्या जागेच्या थोडं खाली, लाल धागा गुंडाळा. लाल दिसला की तीन बोटं, कांब दिसली की दोन. लहान मुलांना तर हे दुसऱ्याच दिवशी पाठ होतं.